खेळयंत्रांचे आयुर्मान

इ. स. १९७२ मध्ये अमेरिकेतील सनीव्हेल या गावी अँडी कॅप्स टॅव्हर्न नावाच्या पानगृहात 'पाँग' नावाचे एक यंत्र ठेवण्यात आले. नाणे टाकावे, समोरच्या पडद्यावर दोन उभ्या रेघांनी एक ठिपका इकडून तिकडे टोलवावा, एवढाच तो खेळ. थोड्याच दिवसांत पानगृहाच्या चालकाचा निरोप आला की यंत्र बिघडले आहे. ते ज्यांनी घडविले होते ते अभियंते ॲलन अल्कॉर्न हत्यारे घेऊन तेथे पोहोचले. यंत्र उघडून पाहतात तो नाण्यांची पेटी काठोकाठ भरून वाहते आहे आणि नवे नाणे आत जावयास जागाच उरलेली नाही! व्हिडिओ खेळांच्या इतिहासातील अगदी पहिल्या तक्रारींपैकी ही एक. असा बिघाड प्रत्येक कारखानदाराच्या वाट्यास यावा. पुढच्या पन्नास वर्षांत जे बिघाड आले ते मात्र इतके सुखाचे नव्हते.

घरातील दूरचित्रवाणी-संचाला जोडून खेळावयाच्या यंत्रास 'कन्सोल' म्हणतात आणि तरुण पिढीच्या मराठीत तो शब्द आता रुळलेला आहे. आमच्या वयाच्या माणसांना हा विषय पोरखेळ वाटतो. परंतु आज चांगल्या कन्सोलची किंमत पन्नास हजार रुपयांच्या आगेमागे असते. मध्यमवर्गीय घरात मुलाच्या हट्टापायी असे यंत्र येते तेव्हा त्यामागे कुणाचा तरी बोनस, कुणाची तरी भिशी, कुणाची तरी पुढे ढकललेली खरेदी असते. आणि हमीची मुदत सरल्यानंतरच्या महिन्यात ते बंद पडले, तर होणारे दुःख केवळ मुलाचे नसते. वस्तू किती टिकावी, न टिकल्यास भुर्दंड कोणी सोसावा, आणि ती दुरुस्त करण्याचा हक्क कोणाकडे असावा, हे प्रश्न रेडिओइतकेच जुने आहेत. खेळयंत्रांच्या बाबतीत ते फार ठळकपणे पुढे आले, इतकेच.

जपानमधील निन्टेन्डो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी 'फॅमिकॉम' हे यंत्र बाजारात आणले. ते लोकप्रिय झाले, पण पहिल्या काही महिन्यांतच खेळता खेळता यंत्र गोठून जाते अशा तक्रारी येऊ लागल्या. दोष आतल्या चीपमध्ये निघाला. कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांनी तेवढीच बिघडलेली यंत्रे बदलून देण्याऐवजी विकलेली यंत्रे परत बोलावली आणि नवे सर्किट बोर्ड घालून ती पुन्हा विक्रीस आणली. त्याच यंत्राच्या हातातील नियंत्रकावर आरंभी रबराची चौकोनी बटणे होती. ती दाबताना अडकत व झिजत. पुढील यंत्रांत त्यांच्या जागी कडक प्लॅस्टिकची गोल बटणे आली. बदल क्षुल्लक दिसतो, परंतु लहान मुलाचा अंगठा एका दुपारीत किती हजार वेळा एकच बटण दाबतो याची कल्पना ज्याने मुले पाहिली आहेत त्यालाच येईल.

हेच यंत्र १९८५ मध्ये नवा वेष घेऊन अमेरिकेत गेले आणि तो वेषच त्याला बाधला. दोन वर्षांपूर्वी तेथील व्हिडिओ खेळांचा बाजार कोसळलेला होता, दुकानदार खेळयंत्राचे नाव ऐकण्यास तयार नव्हते. म्हणून यंत्राला व्हिडिओ रेकॉर्डरचे रूप देण्यात आले. कॅसेट वरून खोचण्याऐवजी पुढून आत सरकवावयाची आणि मग खाली दाबावयाची. या दिखाव्यासाठी जो बहात्तर पिनांचा जोड वापरला, त्याच्या पिना वारंवार वाकून सैल पडू लागल्या. त्यात नकली कॅसेटी रोखण्यासाठी बसविलेली एक पहारेकरी चीप होती. संपर्क जरा ढिला झाला की ती यंत्राला पुन्हा पुन्हा मुळापासून सुरू करी आणि पडदा सेकंदासेकंदाला लुकलुकत राही. मुलांनी यावर उपाय शोधला, कॅसेट काढून तिच्यात फुंकर मारण्याचा. वास्तविक फुंकरीतील ओलाव्याने तांब्याचे संपर्क गंजतात व कंपनीने तसे न करण्याचे बजावलेही होते. कॅसेट काढून पुन्हा घालण्याने पिना नव्याने टेकत आणि यश फुंकरीच्या खात्यावर जमा होई. अखेर १९९३ मध्ये कंपनीने पुन्हा वरून कॅसेट घालावयाची साधी रचना आणली.

गंमत अशी की ही फुंकर समुद्र ओलांडून आपल्याकडेही आली. १९९० च्या दशकात फॅमिकॉमच्या नकला आपल्या देशातील शहराशहरांत 'टीव्ही गेम' या नावाने विकल्या जात. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्हा माळव्यातील मराठी घरांच्या माजघरांत, वर पंखा घरघरतो आहे आणि खाली चार भावंडे एका कॅसेटीत आळीपाळीने फुंकर मारीत आहेत, हे दृश्य सर्रास दिसे. ती नकली यंत्रे अर्थातच कच्ची होती. पण ती स्वस्त होती, आणि कोपऱ्यावरचा रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर ती उघडून तुटलेल्या तारेला टाका मारून परत देई. कुठे दाद मागण्याची गरजच पडत नसे.

टिकाऊपणाचे उदाहरण द्यावयाचे तर निन्टेन्डोचाच १९८९ मधील 'गेम बॉय' घ्यावा. त्याचे प्रमुख शिल्पकार गुन्पेइ योकोइ यांचे एक आवडते सूत्र होते. अगदी नव्या, अजून हाताखालून न गेलेल्या तंत्राच्या मागे न लागता, जे तंत्र जुने होऊन पिकले आहे, ज्याचे गुणदोष साऱ्यांना ठाऊक आहेत, ते घ्यावे आणि त्याचा नव्या कल्पनेने उपयोग करावा. आपल्या भाषेत सांगावयाचे तर लोणचे मुरल्याशिवाय बरणी उघडू नये. प्रतिस्पर्ध्यांची यंत्रे रंगीत असताना गेम बॉयचा पडदा हिरवट, एकरंगी होता. पण चार साध्या बॅटऱ्यांवर तो अनेक तास चाले आणि पडझडीला दाद देत नसे. १९९०-९१ च्या आखाती युद्धात बॉम्बहल्ल्यात होरपळलेला एक गेम बॉय निन्टेन्डोच्या न्यूयॉर्कमधील दुकानात अनेक वर्षे मांडलेला होता. त्याचे कवच वितळून काळे पडलेले, पण पडद्यावर 'टेट्रिस' चालूच!

सोनी कंपनीचे 'प्लेस्टेशन' डिसेंबर १९९४ मध्ये आले. त्याच्या पहिल्या घाटणीत तबकडी वाचणारा लेझरचा भाग उष्णता देणाऱ्या वीजपुरवठ्याच्या शेजारी होता आणि प्लॅस्टिकच्या पट्टीवर सरकत असे. पट्टी झिजली की चित्र अडखळे. मग लोक यंत्र चक्क उलटे करून खेळत. पुढील आवृत्त्यांत हा भाग हलविण्यात आला. ते असो.

या साऱ्या इतिहासातील सर्वांत मोठे प्रकरण मात्र मायक्रोसॉफ्टच्या 'एक्सबॉक्स ३६०' चे. ते थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण त्यात शास्त्र आहे, व्यापार आहे आणि माणसांचे स्वभावही आहेत.

हे यंत्र २२ नोव्हेंबर २००५ रोजी अमेरिकेत विक्रीस आले. सोनीचे पुढील यंत्र येण्याआधी बाजार काबीज करावयाचा, ही घाई होती आणि ती साधलीही. सोनीला वर्षभर उशीर झाला. एक्सबॉक्सच्या पुढच्या अंगाला एक गोल बटण होते व त्याभोवती चार भागांचे प्रकाशाचे कडे. सारे ठीक असले की ते हिरवे दिसे. काही महिन्यांतच लोकांना त्या कड्याचे तीन भाग लाल होऊन लुकलुकताना दिसू लागले. तीन लाल भाग म्हणजे यंत्र आतून गेले. खेळणाऱ्यांनी या चिन्हाला 'मृत्यूचे लाल कडे' असे नाव दिले. अमेरिकेत आरंभी हमीची मुदत अवघी नव्वद दिवसांची होती. डिसेंबर २००६ मध्ये ती एक वर्षाची करण्यात आली, तरी तक्रारींचा ओघ थांबेना.

आत काय होत होते? चीप म्हणजे सिलिकॉनचा नखाएवढा तुकडा. तो दुसऱ्या एका पातळ पट्टीवर बसविलेला असतो आणि दोघांना जोडतात ते धातूच्या शेकडो सूक्ष्म ठिपक्यांचे टाके. तांबट-सोनार ज्याला डाख म्हणतात तोच हा प्रकार, फक्त डोळ्यांना न दिसणारा. आता उष्णतेने प्रत्येक पदार्थ फुगतो हे आपण शाळेत शिकलो आहोत. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढविताना लोहार ती तापवून मोठी करतो, ते याच नियमाने. पण सिलिकॉन फार थोडे फुगते आणि त्याखालची पट्टी त्याच्या कितीतरी पट फुगते. यंत्र सुरू केले की दोघांत ओढाताण, बंद करून थंड झाले की उलट दिशेने ओढाताण. तार एकदा वाकविल्याने तुटत नाही, पण तीच पंचवीस वेळा इकडे-तिकडे वाकविली की हातात दोन तुकडे येतात. टाक्यांचे तसेच झाले. यंत्राची रचनाही उष्णतेला पोषकच होती. चित्रे निर्माण करणारी चीप तबकडीच्या कप्प्याखाली दडपलेली होती आणि तिच्यावरील उष्णता काढून घेणारा धातूचा ठोकळा त्यामुळे बुटका ठेवावा लागला होता.

त्या काळी अनेकांनी सारा दोष बिनशिशाच्या डाखावर ढकलला. युरोपात १ जुलै २००६ पासून विद्युत उपकरणांत शिसे वापरण्यावर बंधने आली आणि जगभरच्या कारखान्यांनी कथील-शिशाचा जुना मिश्रधातू सोडून कथील, चांदी व तांबे यांचा नवा धरला. जुना १८३ अंशांवर वितळे, नव्याला २१७ अंशांच्या आसपास उष्णता लागते. नव्या धातूची लकब समजून घेण्यात साऱ्याच उद्योगाला काही वर्षे ठेचा खाव्या लागल्या, हे खरेच. परंतु एक्सबॉक्सच्या हार्डवेअरची धुरा वाहिलेल्या टॉड होल्मडाल यांनी २०२१ मध्ये कंपनीच्याच माहितीपटात सांगितले की जोड तुटत होते ते चीपच्या घटकाच्या आत, आणि त्यांचा शत्रू नुसती उष्णता नसून वारंवार तापणे-निवणे हा होता. म्हणजे जो मुलगा यंत्र अधिक प्रेमाने, रोज, पुन्हा पुन्हा सुरू करी, त्याचेच यंत्र लवकर जाण्याचा संभव! त्याच वर्षी कंपनीने त्या लाल कड्याचे भित्तिपत्रक सुमारे पंचवीस डॉलरना विकावयास काढले. आपल्या अपयशाचाही व्यापार करण्याच्या या हातोटीला काय म्हणावे ते वाचकांनीच ठरवावे.

परंतु २००७ मध्ये कंपनीला हसू येण्याजोगी परिस्थिती नव्हती. त्या विभागाचे प्रमुख पीटर मूर यांनी पुढे २०१५ मध्ये एका मुलाखतीत तो प्रसंग सांगितला आहे. कंपनीचे सर्वोच्च अधिकारी स्टीव्ह बामर यांच्यासमोर ते मनात धास्ती घेऊनच गेले. बिघडलेले प्रत्येक यंत्र ग्राहकाच्या घरून कुरियरने आणावयाचे, दुरुस्त करून लगोलग परत पाठवावयाचे, ही त्यांची योजना होती. नुसत्या ने-आणीचाच खर्च चोवीस कोटी डॉलर धरलेला होता. एकूण आकडा विचारल्यावर मूर यांनी एकशे पंधरा कोटी डॉलर सांगितला आणि बामर यांनी क्षणाचाही विलंब न लावता होकार दिला. ५ जुलै २००७ रोजी या विशिष्ट दोषासाठी हमी तीन वर्षांची करण्यात आल्याचे जाहीर झाले. ज्यांनी आधी पदरचे पैसे भरून दुरुस्ती करून घेतली होती त्यांनाही ते परत मिळाले. मला स्वतःला या निर्णयाचे कौतुक वाटते, आणि त्याच वेळी एक शंकाही छळते. तिजोरी एवढी मोठी नसती तर? लहान कारखानदाराने असा दोष केला असता तर तो बुडाला असता, आणि त्याच्याबरोबर ग्राहकही.

स्क्वेअरट्रेड नावाच्या, यंत्रांना जादा हमी विकणाऱ्या एका अमेरिकी कंपनीने २००९ मध्ये सोळा हजारांहून अधिक यंत्रांच्या नोंदी तपासल्या. दोन वर्षांत एक्सबॉक्स ३६० पैकी २३.७ टक्के यंत्रे बिघडली होती, सोनीच्या प्लेस्टेशन ३ पैकी १० टक्के आणि निन्टेन्डोच्या 'वी' पैकी २.७ टक्के. वी हे तिघांत सर्वांत दुबळे यंत्र होते. कमी काम, कमी उष्णता, अधिक आयुष्य. योकोइ तेव्हा हयात नव्हते, पण त्यांच्या सूत्राची झाक त्यात दिसते. एक्सबॉक्सनेही पुढे चिपा लहान व थंड केल्या, २०१० मध्ये नव्या बांध्याची सडसडीत आवृत्ती आणली आणि तो शाप बराचसा ओसरला. २०१६ मध्ये उत्पादन थांबेपर्यंत आठ कोटींहून अधिक यंत्रे विकली गेली होती. बिघडणाऱ्या यंत्रावरही लोकांनी केवढा जीव लावला!

त्या काळातील घरगुती उपायांचा एक प्रकार सांगण्यासारखा आहे. बंद पडलेले यंत्र टॉवेलात गुंडाळून मुद्दाम तापवावयाचे. तापून फुगल्यावर तुटलेली टोके एकमेकांना टेकत आणि यंत्र चार दिवस चाले. मग कायमचे जाई. आपल्या शहरांतील दुरुस्तीच्या दुकानांतही गरम हवेची बंदूक चालवून असे पुनरुज्जीवन करून देणारे होते. सचोटीचा कारागीर गिऱ्हाइकाला आधीच सांगे, "साहेब, चालेल, पण किती दिवस ते सांगता येणार नाही." असे प्रांजळ वाक्य छापील हमीपत्रावर मला कधी वाचावयास मिळालेले नाही.

अलीकडचे प्रकरण निन्टेन्डोच्या 'स्विच' चे. हे यंत्र मार्च २०१७ मध्ये आले. त्याच्या दोन्ही बाजूंस सुटे होणारे 'जॉय-कॉन' नावाचे नियंत्रक असतात व त्यांवर अंगठ्याने फिरवावयाची छोटी दांडी. काही महिन्यांच्या वापरानंतर दांडीला हात न लावताच पडद्यावरचा नायक आपोआप एकीकडे चालू लागतो, अशा तक्रारी जगभरातून आल्या. कारण पुन्हा झीज. दांडीच्या खाली एका पट्टीवर धातूचे बारीक पाते घासत असते, जुन्या रेडिओच्या आवाज लहान-मोठा करण्याच्या बटणासारखेच. पट्टी झिजली, धूळ शिरली, की खोटा संदेश जातो. युरोपातील ग्राहकसंघटनांच्या महासंघाने सुमारे पंचवीस हजार तक्रारी गोळा करून २०२१ मध्ये युरोपीय आयोगाकडे दाद मागितली. २०२३ मध्ये कंपनीने तेथील ग्राहकांना, हमीची मुदत संपलेली असली तरी, अशा नियंत्रकांची दुरुस्ती विनामूल्य करून देण्याचे मान्य केले.

या रोगावर औषध नाही असे नाही. एडविन हॉल या अमेरिकी शास्त्रज्ञाने १८७९ मध्ये चुंबकक्षेत्राचा विद्युत्प्रवाहावर होणारा एक परिणाम शोधून काढला. त्याच्या आधारे दांडीचे स्थान काहीही न घासता, नुसत्या चुंबकाने ओळखता येते. सेगा कंपनीने १९९८ मध्येच 'ड्रीमकास्ट' च्या नियंत्रकात ही युक्ती वापरली होती. ५ जून २०२५ रोजी 'स्विच २' विक्रीस आले तेव्हा लोकांची हीच अपेक्षा होती. कंपनीने दांडी नव्याने घडविल्याचे सांगितले, परंतु हॉलची युक्ती तीत नाही हेही स्पष्ट केले. तंत्रज्ञांनी उघडून पाहिले तर आत घासणारी पट्टीच निघाली. दीडशे वर्षे जुने, पुरते मुरलेले तंत्र हाताशी असताना ते टाळावे, हे योकोइंच्या कंपनीकडून तरी अपेक्षित नव्हते.

पुढच्या यंत्रांकडून काय मागावे? वेग आणि चित्रांचा झगमगाट यांची चिंता आपण करावयास नको, ती कारखानदार करतातच. मायक्रोसॉफ्ट व सोनी या दोघांनीही २०२५ मध्ये ए. एम. डी. या चीप बनविणाऱ्या कंपनीबरोबर पुढील पिढीच्या तयारीचे सूतोवाच केले आहे. उष्णतेचा धडा त्यांनी घेतलेला दिसतो. २०२० च्या प्लेस्टेशन ५ मध्ये चीप व तिच्यावरील ठोकळा यांच्यामध्ये नेहमीच्या मलमाऐवजी द्रवरूप धातू घातलेला आहे, म्हणजे उष्णता झपाट्याने बाहेर जावी. मला काळजी वाटते ती निराळ्या प्रकारच्या मरणाची. प्लेस्टेशन ४ मध्ये घड्याळासाठी एक नाण्याएवढी बॅटरी असते. ती संपली आणि कंपनीशी तारसंबंध जोडता आला नाही, तर विकत घेतलेले खेळही चालेनासे होतात, असे लोकांनी शोधून काढले. म्हणजे पन्नास-शंभर रुपयांच्या बॅटरीवर साऱ्या संग्रहाचे प्राण! २०२१ मध्ये सोनीने फारसा गाजावाजा न करता हा दोष काढून टाकला. एक्सबॉक्स ३६० वरील खेळांचे दुकान २९ जुलै २०२४ रोजी बंद झाले. यंत्र धडधाकट, पण त्याची पेठ उठलेली. प्लेस्टेशन ५ च्या २०२३ च्या आवृत्तीत तबकडीचा भाग सुटा करता येतो ही चांगली सोय आहे, मात्र तो जोडताना एकदा तरी कंपनीची अनुमती इंटरनेटवरून घ्यावीच लागते. माझ्या घरातील गिरणीचा पट्टा बदलताना मी गिरणीवाल्या कंपनीला विचारावयास गेलो तर शेजारी हसतील.

आपल्या सरकारनेही डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी एक संकेतस्थळ उघडले असून त्यात विद्युत उपकरणांचा अंतर्भाव आहे. आरंभ म्हणून ते ठीक. सुटे भाग किती वर्षे मिळतील हे यंत्राच्या खोक्यावर किमतीशेजारीच छापले जावे, दांडी-पंखा-बॅटरी हे झिजणारे भाग साध्या पेचकसाने काढता यावेत, आणि हमी नियंत्रकालाही यंत्राइतकीच असावी, एवढे झाले तरी पालकांचा बराच ताप वाचेल. यांपैकी एक गोष्ट तर जवळ येऊन ठेपली आहे. युरोपीय संघाच्या २०२३ च्या नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून तेथे विकल्या जाणाऱ्या हातातील उपकरणांची बॅटरी, काही अपवाद सोडल्यास, वापरणाऱ्याला स्वतः काढून बदलता आली पाहिजे. कारखानदार युरोपासाठी एक साचा आणि आपल्यासाठी दुसरा असा खर्च करतील की नाही, हे त्यानंतरची यंत्रे उघडल्यावर कळेल.